कस लावणारा दुसराच हवा

मी जळगावचा, आजोळ धुळ्याचं. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. म्हटलं, दुपारच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून रात्रीसाठी ठेवला तर? गाडी अडते ती उत्प्रेरकापाशी. सगळ्यात सरस प्लॅटिनम, पण महाग!

स्वस्त पर्याय आहेत. मोलिब्डेनम डायसल्फाइड (हो, ग्रीसमध्ये असतं तेच!) चालेल, असं गणित डेन्मार्कमध्ये २००५ साली मांडलं गेलं. काम करतात त्याच्या कणांच्या कडा. २००७ साली चक्क सोन्यावर ते कण बसवून, कडा मोजून हे सिद्ध झालं.

पण गंमत पुढेच आहे. चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल, तर त्यातलं थोडं विरघळून नव्या पदार्थावर बसू शकतं. मग काम प्लॅटिनमचं आणि कौतुक भलत्याचंच! म्हणून तिथे ग्रॅफाइटची कांडी लावतात. आणि पृष्ठभागावर नेमकं काय आहे, ते दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलेलं बरं.

आपणही आपला कोड दुसऱ्याकडून तपासून घेतोच ना? एकत्र संशोधन म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, एकमेकांवरचा पहारासुद्धा. जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. दागिना सोनार घडवतो, हॉलमार्क मात्र वेगळ्या केंद्रातून येतो!