टीटनच्या पायथ्याहून

जॅक्सन, वायोमिंग
सप्टेंबरअखेर

तीर्थरूप बाबांस,


सह्याद्रीत आधी माळ लागतो, मग टेकाड, मग सोंड आणि शेवटी कडा. टीटन रांगेला हा क्रम मान्य नाही. सपाट गवताळ मैदान संपतं आणि तिथूनच सुमारे सात हजार फुटांची भिंत उभी राहते. ग्रँड टीटन शिखराची उंची १३,७७५ फूट, म्हणजे ४,१९९ मीटर. पायथ्याचं जॅक्सन होल हे खोरंच दोन हजार मीटरच्या आसपास आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. याचं कारण जमिनीच्या पोटात आहे. रांगेच्या पूर्व पायथ्याशी मोठा भ्रंश आहे. गेली सुमारे एक कोट वर्षं तिथल्या मोठ्या भूकंपांमध्ये डोंगराची बाजू वर सरकत आली आणि खोऱ्याची खाली खचत गेली. त्यामुळे खोऱ्यातून पाहताना एकही टेकडी आड येत नाही.

फोटोग्राफरना हे वरदानच. कडे पूर्वेकडे तोंड करून उभे असल्यामुळे उगवतीचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. आधी ग्रँड टीटनचं टोक गुलाबी होतं, मग शेजारची शिखरं, मग प्रकाश हळूहळू कड्यावरून खाली उतरतो. खोरं मात्र तोवर काळोखातच. वर लख्ख आणि खाली अंधार हा फरक कॅमेऱ्याला एका फोटोत पेलत नाही. म्हणून कोणी वरून गडद आणि खाली पारदर्शक असलेली फिल्टरची काच लावतो, कोणी एकाच चौकटीचे कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो घेऊन नंतर जोडतो.

नदीकाठच्या श्वाबाकर लँडिंगला उजाडण्याआधीच ट्रायपॉड लागलेले असतात. पाय रोवायला काठावर चिखल आणि गोटे. बोटं इतकी गारठतात, की लेन्सची कडी फिरवतानाही हातमोजे काढवत नाहीत. समोरच्या पाण्यात अख्खी रांग उलटी दिसते. पण हे पाणी मुळात स्नेक नदीचा एक वाहता फाटा आहे. त्याला आरसा केलाय बीव्हरांनी. काठावर वाकून पाहिलं, तर त्यांचा बांध दिसतो: सालं सोललेल्या फांद्या एकमेकींत अडकवलेल्या, फटींत चिखल थापलेला, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला दातांच्या रुंद खुणा. बांध टिकला तर तळं टिकतं, फुटला की प्रतिबिंब वाहून जातं. सकाळी वारा सुटला, की पाण्यावर लहरी उठतात आणि मंडळी सामान आवरायला लागतात.

---

मूस, वायोमिंग

तीर्थरूप बाबा,

आज मॉर्मन रो या जुन्या वस्तीची पाळी. १८९० च्या दशकापासून मॉर्मन पंथाची शेतकरी कुटुंबं, बरीचशी शेजारच्या आयडाहोतून, इथे येऊन वसली. हिवाळा लांब, पाऊस कमी. त्यांनी ओढ्यांचं पाणी पाटांनी शेतापर्यंत आणलं, आणि त्यांतल्या काही पाटांत आजही पाणी खेळतं.

टी. ए. मोल्टन यांचा लाकडी गोठा हा आता जगात सर्वांत जास्त फोटो काढल्या गेलेल्या गोठ्यांपैकी एक मानला जातो. १९१३ च्या सुमाराला काम सुरू झालं. वर गवताचा माळा, बाजूंना पडव्या, अशी भर पुढे तीसेक वर्षं पडत राहिली. उतरत्या छपराचं टोक शिखराच्या बरोबर खाली यावं म्हणून फोटोग्राफर चार पावलं डावीकडे, दोन उजवीकडे करत असतात. जवळून पाहिलं तर फळ्या ऊन-बर्फाने राखाडी झालेल्या, रेषा उठून आलेल्या, आणि खिळ्यांखाली गंजाचे तांबूस ओघळ. १९९७ मध्ये या वस्तीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. रान जपण्यासाठीच्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात माणसाची ही मेहनतही जपली गेली, हे फार चांगलं झालं.

---

स्नेक रिव्हर ओव्हरलुक

तीर्थरूप बाबा,

या कठड्यापाशी १९४२ मध्ये अँसल अ‍ॅडम्स यांनी त्यांचा सुप्रसिद्ध फोटो घेतला: पुढे नदीचं चकाकतं वळण, मागे ढगांखाली टीटन. अमेरिकेच्या अंतर्गत (इंटीरियर) खात्याने राष्ट्रीय उद्यानांची मोठी भित्तिचित्रं करण्यासाठी त्यांना नेमलं होतं. युद्धामुळे ती योजना बारगळली. फोटो मात्र दूर पोचला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर तो आहे.

त्याही आधी, १८७२ मध्ये, हेडन यांच्या सर्वेक्षण पथकाबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन रांगेच्या पश्चिम बाजूने वर चढले होते. खेचरांवर काचा, रसायनं आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी तंबूत धुवायचा. टीटनचे पहिले फोटो त्यांचे. आदल्या वर्षीच्या त्यांच्या यलोस्टोनच्या फोटोंनी तिथलं उद्यान होण्याला मोठा हातभार लावला होता.

टीटनची लढाई जास्त लांबली. १९२९ मध्ये झालेल्या इथल्या उद्यानात फक्त शिखरं आणि पायथ्याची तळी होती. खोरं बाहेरच राहिलं. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी स्नेक रिव्हर लँड कंपनीच्या नावाने, स्वतःचं नाव गुप्त ठेवून, सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली. गुपित फुटल्यावर पशुपालक खवळले. १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खोऱ्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हा पशुपालकांनी निषेध म्हणून स्मारकाच्या हद्दीतून गुरं हाकली. तडजोड होऊन आजचं उद्यान झालं ते १९५० मध्ये. म्हणजे अ‍ॅडम्स यांनी फोटो घेतला, तेव्हा पुढ्यातल्या या खोऱ्याचं भवितव्य ठरायचंच होतं. शिखरांवर कोणीच घर बांधणार नव्हतं. प्रश्न पुढच्या मैदानाचा होता. ते मोकळं राहिलं, म्हणून आज फोटोत डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत मावतो. अर्थात, सगळंच मोकळं नाही: उद्यानाच्या हद्दीत एक विमानतळही आहे.

ओव्हरलुकवर येणारे बरेच जण अ‍ॅडम्स यांची चौकट शोधतात आणि हिरमुसतात, कारण खालची झाडं ऐंशी वर्षांत वाढली आणि वळण बरंचसं झाकलं गेलं. कोणी कॅमेरा डोक्यावर धरतं, कोणी कठड्यावर चढू पाहतं. त्याची गरज नाही. ही झाडंही उद्यानाचीच आहेत आणि त्यांना वाढू दिलं जातं, यातच उद्यानाचं काम दिसतं. सोबतच्या फोटोंमध्ये नदी अर्धीच दिसेल. ते मुद्दामच तसे ठेवले आहेत.

उद्या पहाटे ऑक्सबो बेंड, तिथे माउंट मोरानचं प्रतिबिंब. अस्पेनची पानं पिवळी झाली आहेत. तिथे मूस जातीची हरणं आणि अस्वलंही येतात. अस्वलापासून शंभर यार्ड आणि मूसपासून पंचवीस यार्ड लांब राहायचा नियम आहे, तेव्हा आईला काळजी नको म्हणून सांगा. पुढचं पत्र यलोस्टोनहून.

तुमची,
धाकटी