आधी रंग झाका

चव घ्यायला बसलो की मी आधी रंग झाकतो. निळ्या काचेचा ग्लास असला तर उत्तम, नाहीतर खोलीतला दिवा मंद करतो. वाइनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की तांबूस, कधी चक्क गुलाबी दिसते आणि मग नाक डोळ्यांचं ऐकायला लागतं. नसलेली स्ट्रॉबेरीसुद्धा सापडते!

समोर आहे स्कॉटलंडच्या अरन बेटावरची, शेवटचा काळ अमारोनेच्या पिंपात काढलेली सिंगल मॉल्ट. तिथल्या लॉखरान्झा गावातली ही डिस्टिलरी 1995 सालची. तिची मूळ दारू बिनधुराची, सफरचंद आणि लिंबाच्या सालीच्या वळणाची. आधी ती बर्बनच्या पिंपात मुरते. अमारोने ही इटलीत व्हेरोनाजवळची वाइन. तिची द्राक्षं तोडल्यावर काही महिने वाळवतात आणि मग चिरडून आंबवतात. म्हणून पहिल्याच हुंगण्यात मला तासगावकडची बेदाण्याची शेड आठवते. मागून चेरी, डार्क चॉकलेट, थोडी दालचिनी.

पहिला घोट बिनपाण्याचा, अगदी लहान. बाटलीत 50 टक्के अल्कोहोल आहे, त्यामुळे जीभ आधी चटकते. मग थेंबथेंब पाणी. ब्लेंडर मंडळी तर वास घेण्यासाठी व्हिस्की 20 टक्क्यांच्या आसपास उतरवतात, कारण लपवलेला दोष पाण्याने उघडा पडतो. इथे मी दोन गोष्टी शोधतो: जळक्या काडीचा वास आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा.

दोन्ही येतात लाकडातून. रिकामी पिंपं आंबू नयेत म्हणून वाइनवाले आत गंधक जाळतात; तो राहिला की काडेपेटी हुंगल्यासारखं होतं. शिवाय बर्बनचं पिंप आतून जाळून कोळसा केलेलं असतं, आणि तो कोळसा कच्च्या दारूतले उग्र वास ओढून घेतो. वाइनचं पिंप बहुधा नुसतं शेकलेलं. त्यात युरोपियन ओक अमेरिकन ओकपेक्षा तुरट, आणि फळ्यांत मुरलेली लाल वाइन वेगळीच. कायद्याने स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरॅमल रंग एवढंच घालता येतं, पण लाकडाने पिऊन ठेवलेली वाइन हळूच उतरते ती उतरतेच. व्हिस्कीचे सल्लागार जिम स्वॉन यांनी यावर तोड काढली होती: वाइनचं पिंप आतून तासायचं, शेकायचं आणि पुन्हा जाळायचं. 2017 मध्ये ते गेले, पण ती पद्धत आज अनेक डिस्टिलऱ्या वापरतात.

पाणी घातल्यावर अरनचा तुरटपणा वाढला, मात्र काडेपेटी कुठे नाही. माझा खरा प्रश्न वेगळा असतो: वाइनखाली डिस्टिलरी सापडते का? इथे सफरचंद सापडलं, पण उशिरा, घोट उतरून गेल्यावर. काही बाटल्यांत तेही सापडत नाही. तिथे दारू कुणाचीही चालली असती, आणि असल्या व्हिस्कीला मी कितीही गोड असली तरी गुण देत नाही.

याच डिस्टिलरीची सोटर्नच्या, म्हणजे गोड पांढऱ्या वाइनच्या पिंपातली बाटली मला उजवी वाटते; मध आणि जर्दाळू त्या हलक्या दारूला शोभतात, दडपत नाहीत. अमारोनेची बाटली लाल वाइनच्या शौकिनांनी जरूर घ्यावी. पण बर्फ टाकू नका. थंडीने गोडवा दबतो आणि तुरटपणा तेवढा वर येतो.