भयाचा कायदा

सूर्याचा पहिला किरण अंगावर पडताच रक्तपिपासू पिशाच नाहीसे होते, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असलेले कलम कोण्या प्राचीन ग्रंथातले नसून १९२२ साली मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोस्फेराटू’ या मूकपटात घालून दिलेले आहे, हे वाचल्यापासून माझे मन त्याच्याभोवती घोटाळत राहिले आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या वावरतो. परंतु घरातल्या कोणी बोलावल्यावाचून प्रथम उंबरठा ओलांडण्याची त्यालाही मुभा नाही, आणि इंग्लंडात बिऱ्हाड करायचे तर वकिलामार्फत रीतसर खरेदीखत करूनच तो मिळकतीचा कब्जा घेतो.

भयाला असे नियमांत बांधणे आपल्याकडेही आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीस वेतोबाचे, म्हणजे वेताळाचे, देऊळ आहे. तेथे भक्तांनी नवसाला वाहिलेल्या चामड्याच्या वहाणा मी पाहिल्या, त्या कोणाही मनुष्याच्या पायाच्या मापाहून कितीतरी थोर होत्या. कोऱ्या चामड्याचा उग्र दर्प केळ्यांच्या घडांच्या गोड वासात मिसळून गाभाऱ्यापर्यंत दरवळत होता, आणि त्या दर्पात, भुताखेतांचा अधिपती म्हणून ज्याच्या नावाने बालपणी अंगावर काटा उभा राहिला, त्या वेताळाच्या भव्य उभ्या मूर्तीसमोर बायाबापड्या लेकराबाळांना निःशंकपणे पायांवर घालीत होत्या. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ, मी न विचारताच, म्हणाले, “रातभर गावाची राखण करता मां तो, म्हणान व्हाणो झिजतत.” शिवेवरची गस्त ही ज्याची नेमून दिलेली चाकरी, त्याच्या पादत्राणांची तजवीज रयतेनेच करायची, हा करार मला अत्यंत उदात्त वाटतो.

२००५ साली आलेल्या ‘ट्वायलाइट’ या कादंबरीने पिशाचाला प्रियकर केले आणि २०२४ साली कोकणातल्या ‘मुंज्या’ने चित्रपटगृहे भरली, या लोकप्रियतेत अभिरुचीचा ऱ्हास पाहणाऱ्यांशी माझे मत जुळत नाही. व्याधी, कर्ज आणि अपमृत्यू कोणाच्याही परवानगीवाचून घरात शिरतात. मुंजा मात्र आपला पिंपळ धरून असतो, आणि हडळ उलट्या पावलांवरून ओळखता येते. मर्यादा ठाऊक असलेल्या भयाशी मनुष्याला झुंजता येते, प्रसंगी नातेही जोडता येते. म्हणून आजच्या भयकथालेखकांना माझी कळकळीची विनंती आहे, की रक्त हवे तितके सांडा, पण आपल्या पिशाचाला आधी हद्द नेमून द्या.