बिघाड आणि आळ

बिघाडाचे दोन प्रकार असतात. एक सरळमार्गी आणि दुसरा लहरी. मिक्सर फिरेनासा झाला की तो फिरतच नाही. घरी फिरत नाही, दुकानात नेला तरी फिरत नाही. दुकानदार एकदा आत डोकावतो, एक भाग बदलतो आणि आपण पैसे देऊन घरी येतो. हा सरळमार्गी बिघाड. लहरी बिघाडाची तऱ्हा निराळी. दाढेची कळ जशी दंतवैद्याच्या पायरीवर पाऊल ठेवताच थांबते, तसा हा बिघाड दुरुस्त करणारा दारात आला की शहाण्यासारखा वागू लागतो. तो जिना उतरून गेला, की पुन्हा ह्याच्या अंगात येते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरला ही दुसऱ्या जातीची व्याधी जडली. चालता चालता पडद्यावरचे चित्र एकाएकी गोठायचे. माऊस हलवा, कळा बडवा, यंत्र ढिम्म. कधी निळा पडदा झळकायचा आणि यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. तीन-तीन दिवस काही नाही, आणि मग एकाच संध्याकाळी दोनदा!

एरवी आम्ही हे हसण्यावारी नेले असते. पण ह्याच यंत्रावर माझे सासरे, अण्णा, आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब ठेवतात. वय वर्षे 81, पद मानद खजिनदाराचे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिच्यापुढे वर्षाचे हिशेब ठेवावे लागतात. जुलैच्या सुरुवातीला एका सभासदाने पावती पुढे केली. पैसे भरल्याचे पावती सांगत होती आणि हिशेबात नोंद नव्हती. आठवड्याभरात दुसऱ्या सभासदाची तीच तक्रार. अण्णांनी दोन्ही नोंदी केल्या होत्या. त्या जतन होण्याआधीच यंत्र गोठले होते. रक्कम बँकेत जमा होती, त्यामुळे कुणी भलता संशय घेतला नाही. पण त्याहून वाईट घडले. लोकांनी अण्णांची कीव केली. ‘आता वय झालं हो त्यांचं,’ असे जिन्यात बोलले गेले. ते अण्णांच्या कानांवर आले, आणि दुःखाची गोष्ट ही, की अण्णांना ते पटले. एका रात्री जेवणे झाल्यावर ते मला म्हणाले, “सूनबाई, माझाच हात कुठेतरी भलत्या कळेवर पडत असणार. ह्या सभेत राजीनामा देऊन टाकतो.”

लहरी बिघाडाचा हाच खरा उपद्रव आहे. मिक्सर बंद पडला तर दोष मिक्सरचा, ह्याविषयी घरात दुमत होत नाही. पण जे यंत्र माझ्या हाताखाली नीट चालते आणि तुमच्या हाताखाली बंद पडते, तिथे दोष तुमचाच असणार असे वाटू लागते. आमच्या ह्यांनी चिरंजीवांच्या खेळांवर आळ घातला. चिरंजीवांनी आजोबांच्या जुन्या प्रिंटरकडे बोट दाखवले. कामाच्या मावशी टेबल ओल्या फडक्याने पुसतात, हेही निघाले. प्रत्येकाला आरोपी सापडला होता. पुरावा मात्र एकाचकडेही नव्हता. आणि ह्या सगळ्यांत सज्जन माणूस एकच, ज्याने तो आळ स्वतःवर घेतला.

तंत्रज्ञ आला. त्याने मेमरीची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने घासली, पट्टी पुन्हा बसवली आणि ‘ओके’ म्हणून तो गेला. चार दिवस यंत्र उत्तम चालले. पाचव्या दिवशी गोठले. पुढच्या खेपेला त्याने ‘सगळं पुसून नव्याने भरून देतो’ असे सुचवले. इथे मला लहरी बिघाडाचे दुसरे लक्षण उमगले. त्याच्यावर कुठलाही उपाय लागू पडतो! खोडरबर घासा, पंखा लावा, नाहीतर नारळ ओवाळा. पुढचा झटका येईपर्यंत तोच उपाय रामबाण. दृष्ट काढणाऱ्यांचा धंदा ह्याच तत्त्वावर चालत आला आहे.

बिघाडाचे मूळ शोधायला तो लहान असावा लागत नाही. तो नियमित असावा लागतो. 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवून पाहा. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीसाठी एक सदोष फाइल जगभर पाठवली आणि सुमारे 85 लाख यंत्रांवर निळा पडदा आला. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्याकडे काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण ती फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी निघाली होती आणि 10 वाजून 57 मिनिटांनी ती बदललीही गेली. सगळी यंत्रे एकाच वेळी, एकाच तऱ्हेने पडली, म्हणून कारण 78 मिनिटांत हाती लागले. बंद पडलेली यंत्रे एकेक करून उठवायला पुढे कित्येक दिवस गेले, ती गोष्ट वेगळी. आमचे एकच यंत्र, पण ते मनाला येईल तेव्हा पडायचे. त्याला एवढ्या घाईत कोण पकडणार?

तेव्हा मी दुधाच्या हिशेबाची असते तशी एक वही केली. कढी फुटली तर आपण काय करतो? पुढच्या वेळी ताक, पीठ, आच आणि पातेले सगळेच एकदम बदलत नाही. तसे केले आणि कढी साधली, तरी कशामुळे साधली ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे होते तसे ठेवायचे. वहीत तारीख, वेळ, काय चालू होते, कोण बसले होते आणि पडद्यावर काय आले, असे रकाने आखले. पहिल्या पानावर मात्र एक नियम लिहिला: रोज रात्री हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर काढायची. रोगी बरा होवो न होवो, दागिने आधी सुरक्षित हवेत.

कॉम्प्युटरही स्वतःची रोजनिशी ठेवतो. विंडोजमध्ये तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. मोठ्या आशेने ती उघडली, तर प्रत्येक झटक्यानंतर क्रमांक 41 ची नोंद. तिचा मतलब एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. म्हणजे ‘सदर इसम मरण पावल्यामुळे मयत आहे’ असा पंचनामा! निळ्या पडद्यावरच्या शब्दांनी मात्र थोडे सांगितले. ते दर वेळी निराळे होते. एकच शब्द आणि एकच फाइल पुन्हापुन्हा येत असेल, तर संशय बहुधा त्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. दर वेळी नवी तक्रार येत असेल, तर यंत्राच्या अंगातच काही दुखत असण्याचा संभव जास्त. चित्र गोठले की कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा पाहावा, हेही मी शिकले. दिवा लागतो-विझतो आहे तोवर यंत्रात धुगधुगी आहे, एखादाच प्रोग्रॅम अडला असेल. दिवाही हलला नाही, तर सगळेच थांबले. आमचा दिवा हलत नव्हता.

वहीचे पहिले निकाल माणसांच्या बाजूने लागले. 33 दिवसांत 11 झटके. त्यांपैकी अण्णांच्या वेळेला 5, चिरंजीवांच्या 3, आमच्या ह्यांच्या 2, आणि एकदा तर खुर्चीत कुणीच नव्हते! चिरंजीवांनी खेळ बंद ठेवले; चौथ्या दिवशी यंत्र पडले. चिरंजीव निर्दोष सुटले. प्रिंटर काढून ठेवला, तोही सुटला. बाजूचे झाकण उघडून धूळ झाडली, टेबलफॅन लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणून उष्णताही सुटली. वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो उसना आणून बसवला. सहाव्या दिवशी निळा पडदा. शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही निराळीच प्रणाली चालवली, तीही गोठली. म्हणजे सगळे पुसून नव्याने भरण्याचे कारण उरले नाही.

राहिली मेमरी, खोडरबराने ‘ओके’ ठरवलेली. 8 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मेमटेस्ट नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. विंडोज सुरू होण्यापूर्वीच तो चालतो आणि मेमरीच्या घराघरात आकडे लिहून ते जसेच्या तसे परत मिळतात का ते पाहतो. रात्री तो लावून आम्ही झोपलो. पहिली फेरी निर्मळ. पहाटे तिसऱ्या फेरीत लाल ओळी. मग एकेक पट्टी एकटी तपासली, दोन्ही खाचांत आलटून पालटून. एक पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष, दुसरी दोन्ही खाचांत चुकार. म्हणजे खाच चांगली होती. चोर पट्टीतच होता.

एवढीशी पट्टी एवढा लहरीपणा कसा करते? मेमरीतला प्रत्येक शून्य किंवा एक, हा एका सूक्ष्म कपात साठवलेला विजेचा थेंब असतो. हे सारे कप गळके, म्हणून यंत्र ते सेकंदात पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरत असते. एखादा कप जास्त गळू लागला, की भरण्याच्या आतच रिकामा होतो आणि एकाचा शून्य होतो. त्या कपात त्या घटकेला काय ठेवले असेल, हा नशिबाचा भाग. चित्राचा एखादा ठिपका असेल तर कुणाला कळणारही नाही. यंत्राला दिलेली आज्ञा असेल तर ते जागीच थांबते. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या खिडक्या उघड्या राहायच्या, मेमरी भरत यायची आणि त्या गळक्या कपावर पाळी यायची. अण्णा बसायचे ते नेमके संध्याकाळी. त्यांच्या वाट्याला पाच झटके आले ते ह्यामुळे, वयामुळे नव्हे.

असा एक कप उलटून केवढा घोळ होऊ शकतो, ह्याचे उदाहरण बेल्जियममधले आहे. 18 मे 2003 च्या निवडणुकीत स्खारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होते त्याहून जास्त मते पडलेली दिसली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर 4096 मतांचा. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच शून्य उलटून एक झाला, की एवढाच फरक पडतो. तपासणीत यंत्रात काही दोष सापडला नाही, आणि एखादा बिट आपसूक उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. असली चूक आपली आपण दुरुस्त करणारी मेमरी मोठ्या सर्व्हरांत वापरतात. घरगुती यंत्रांत ती सहसा नसते.

नवी पट्टी बसवली. आता बरे वाटले म्हणून लगेच पेढे वाटायचे नाहीत, हे वहीने शिकवले होते. सरासरी तीन दिवसांनी पडणारे यंत्र दोन दिवस शांत राहिले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नऊ दिवस शांत राहिले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच. अण्णा म्हणाले, “पाच टक्के म्हणजे पुष्कळ झाले. पंधरा दिवस थांबू.” त्या पंधरा दिवसांत त्यांनी चार महिन्यांच्या पावत्यांच्या स्थळप्रती, बँकेचे पासबुक आणि कॉम्प्युटरवरचा हिशेब ओळीने ताडून पाहिला. गहाळ नोंदी दोनच, त्या दोन्ही पावत्यांच्या. त्यांच्या हातून झालेली चूक, एकही नाही.

राजीनाम्याचा विषय मग निघाला नाही. सभेत अण्णांनी हिशेब वाचून दाखवले आणि ते मंजूर झाले. सोळाव्या दिवशी मी वही उघडली, तर शेवटच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले होते: ‘पंधरा दिवस निर्वेध. दोष: पट्टी क्रमांक 2. घरातील कोणाही व्यक्तीचा नाही.’ खाली सही आणि तारीख. खजिनदार माणूस, सहीशिवाय नोंद पुरी कशी करील?