थोर इंजिन, पाच हॉर्सपॉवर

जगातलं सर्वांत थोर इंजिन कोणतं, हा विषय माझ्या वर्कशॉपात एकदा निघाला की चहा थंड होतो आणि माणसं तापतात. पाचोड हे छत्रपती संभाजीनगर-बीड रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. मोसंबीचा मोसम लागला की लांब पल्ल्याचे ट्रक येऊन उभे राहतात आणि माल भरेपर्यंत ड्रायव्हर मोकळे असतात. शेतकरी नोझल तपासायला आलेले असतात. सुट्टीला आलेली इंजिनिअरिंगची पोरं मोबाइल पुढे करून बसलेली असतात. प्रत्येकाचं थोर इंजिन वेगळं, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तयारी कोणाचीच नाही.

पोरांच्या यादीत टोयोटाचं टू-जेझेड हमखास असतं. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलेंडर, बिडाचा ब्लॉक. कारखान्यातून निघालं त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद काढली तरी ब्लॉक टिकतो, म्हणून जगभरचे हौशी त्याच्यामागे वेडे झाले. त्याहून वयाने आणि मानाने मोठं रोल्स-रॉइसचं मर्लिन: बारा सिलेंडर, २७ लिटर, स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना उडवणारं. मर्लिनची एक खोड मला फार आवडते. विमानाने एकदम नाक खाली घातलं की कार्ब्युरेटरचा पेट्रोलपुरवठा बिघडायचा आणि इंजिन अडखळायचं. जर्मनांच्या डाइमलर-बेंझ इंजिनात थेट इंजेक्शन होतं, त्यामुळे ते खुशाल सूर मारून निसटायचे. १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग या बाईंनी पेट्रोलच्या वाटेवर मोजून छिद्र पाडलेली एक छोटी चकती बसवली आणि वेळ निभावून नेली. कायमचा इलाज पुढे झाला, पण लढाई चालू असताना कामाला आली ती चकतीच. याला मी मिस्त्रीपण म्हणतो.

तरीही मर्लिनला मी पहिला नंबर देत नाही. ते काही शे तास चाललं की उघडावं लागे आणि त्याच्या दिमतीला तंत्रज्ञांची पलटण असे. आमच्याकडे रब्बीत विहिरीवरचं इंजिन दिवसाला आठ-दहा तास चालतं. मर्लिनला एक हंगामही निघाला नसता.

ड्रायव्हर मंडळींचं दैवत म्हणजे टाटा ट्रकमधलं ६९७. या आकड्यातच इंजिनाची कुंडली आहे: सहा सिलेंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. तो संपला तरी जर्मन वळण गेलं नाही. ६९७ चं माप मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाशी मिलिमीटरला मिलिमीटर जुळतं, ५,६७५ सीसी. मायकोचा पंप, साधी रचना आणि ज्याच्या-त्याच्या हाताला बसलेलं काम. घाटात गिअर न बदलता हे कसं ओढतं, हे सांगताना पन्नाशीचा ड्रायव्हर हळवा होतो. त्याला मी नाही म्हणत नाही. माझ्या यादीत ६९७ दुसरं आहे.

मोटरसायकलवाल्यांचं म्हणणं थोडक्यात: ९७.२ सीसी. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये, त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे या वादात नातीगोती शिरतात. ज्याचा भाचा वाळूजला, त्याचं मत आधीच ठरलेलं.

फियाटच्या १,२४८ सीसीच्या मल्टिजेटचं मात्र वाईट वाटतं. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं. फियाट, टाटा, मारुती अशा एकमेकींच्या स्पर्धक गाड्यांमध्ये तेच इंजिन, म्हणून त्याला देशाचं इंजिन म्हणायची पद्धत पडली होती. २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि ते थांबलं. इंजिन गुणी होतं, शंकाच नाही. पण त्याच्या नोझलपाशी हजार बारच्या वर दाब असतो. त्याचा आजार कळायला आधी संगणक जोडावा लागतो. जुन्या ऑइल इंजिनाचं नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतं आणि फवारा बरोबर पडतो की थेंब गळतो, ते मी हातपंपावर लावून डोळ्यांनी पाहतो.

इथे माझी कसोटी सांगतो. इंजिन चालू असताना सगळेच त्याचं कौतुक करतात. ते बंद पडल्यावर कोण कोण उभं करू शकतं, यावर मी त्याचा नंबर लावतो. या हिशोबाने पहिलं इंजिन आमच्या शिवारातलं निघतं: किर्लोस्करचं एव्ही-वन. एक सिलेंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, ५५३ सीसी, दीड हजार फेऱ्यांना पाच हॉर्सपॉवर.

त्याच्या आधी इंग्लंडच्या डर्स्ली गावचं लिस्टर होतं. १९३० च्या सुमारास निघालेलं, दोन भल्यामोठ्या चाकांचं, मिनिटाला जेमतेम सहाशे फेऱ्या घेणारं. तेही पाच हॉर्सपॉवरचं, पण त्यासाठी चौदाशे सीसीचा देह. राजकोटच्या कारखानदारांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या इतक्या चालल्या, की अमेरिकेतले हौशी लोक राजकोटहून इंजिनं मागवू लागले. पुढे तिथल्या धुराच्या नियमांनी ती वाट बंद केली. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिनात फार लवकर हात घातला. त्याचे मालक सर धनजीशा कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. इंजिनवाल्याला एवढा मान पुन्हा मिळाला नाही! किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, पुण्यात खडकीला.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगाव विहिरी खोदल्या गेल्या. भूविकास बँकेचं कर्ज काढायचं, मोट सोडायची आणि इंजिन बसवायचं. बॅटरी नाही, सेल्फ नाही. डिकंप्रेशनचा खटका उचलायचा म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दाबली जात नाही. मग हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. चाकाची गती पिस्टनला वर ढकलते, दाबलेली हवा तापते, डिझेल पेटतं. टाकी कोरडी पडून पाइपात एअर धरली तर स्क्रू सैल करून ती काढायची, हे बाराव्या वर्षी पोराला येत असे. चार पाने आणि एक हातोडी एवढ्यावर विहिरीच्या काठीच हेड उतरायचं.

दोष भरपूर. आवाज, धूर, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच. शिवाय थंड राहायला ते विहिरीचंच पाणी घेतं. पंपाच्या पाण्याची एक धार इंजिनाच्या जॅकेटमधून जाते. आमच्या पाण्यात क्षार, तो आत साचतो. विहीर आटत आली आणि माणूस लक्ष द्यायला नसला, तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. दुष्काळात माझ्याकडे काम वाढतं ते असं, आणि त्या कामाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

याचंच मोठं भावंड टीव्ही-वन, ६६१ सीसीचं. करंज, जट्रोफा, वापरलेलं खाद्यतेल, जे काही डिझेलऐवजी जाळून पाहायचं ते देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत याच इंजिनावर पाहतात. बायोडिझेलवरचे किती प्रबंध त्याच्या जिवावर उभे आहेत, याची मोजदाद नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, म्हणजे कल्पना जुनीच. पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती टू-जेझेड थोडा वेळ विसरतात.

आता शिवारात सौर पंप आले. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेचे पत्रे बांधाबांधावर दिसतात. डिझेलचा खर्च वाचला, धूर गेला, हे चांगलंच झालं. पण रिकामी झालेली इंजिनं किलोच्या भावाने भंगारात चालली आहेत. तुमच्या गोठ्यात एखादं पडून असेल तर घाई करू नका. टाकी रिकामी करा, जॅकेटमधलं पाणी सोडून द्या, सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका आणि महिन्यातून एकदा खटका उचलून हँडल फिरवा, म्हणजे रिंगा लायनरला धरणार नाहीत. ठेवायला जागाच नसेल, तर जवळच्या आयटीआयला विचारा. शिकणाऱ्या पोरांना उघडायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणार नाही. पिस्टन, लायनर, रिंगा, नोझल, सगळं आजही बाजारात मिळतं.