बहारीनची मर्सिडीज आणि पेट्रोलचा दाब

१९८० नंतर काही वर्षे आम्ही दोघे भाऊ बहारीनला गॅरेजात कामाला होतो. अश्दोदच्या उन्हाची कुरकुर करणाऱ्या मंडळींनी मनामाचा ऑगस्ट बघायला हवा! पारा ४० च्या वर, आणि हवा दमट.

तिथल्या एका गृहस्थांची मर्सिडीज २८० ई होती. सकाळी एका चावीत सुरू व्हायची. पण म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेले आणि अर्ध्या तासाने परत निघाले, की गाडी ढिम्म. सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची, आई मागे घामाने निथळायची. कोणी मिक्स्चरचा स्क्रू फिरवून ठेवला होता, कोणी ‘अख्खा डिस्ट्रिब्युटर बदला’ म्हणून शेकडो दिनार सांगितले होते.

मुलांनो, आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. त्या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक पद्धत होती, १९७३ साली आलेली. तिचा सारा हिशोब दाबाचा, सुमारे ५ बार. आजीच्या कुकरची शिट्टी होते ती साधारण १ बारला, म्हणजे बघा! हा दाब वाढवायचा तर डिस्ट्रिब्युटरमधल्या व्हॉल्वच्या स्प्रिंगला पातळ चकती घालायची, कमी करायचा तर काढायची. पण आमचे म्हणणे एकच, आधी गेज लावा, मग पाना उचला.

इंजिन गार झाल्यावर, नळीला चिंधी गुंडाळून (आणि बिडीवाल्यांना बाहेर घालवून) आम्ही गेज जोडले. इंजिन चालू असताना दाब चोख. बंद केले आणि काट्याकडे बघत बसलो. तो दोन बारच्या वर टिकायला हवा होता, पाच मिनिटांत शून्यावर आला.

कुकरमध्ये दाब असतो म्हणून पाणी १०० डिग्रीला उकळत नाही, त्याहून जास्त तापते. पेट्रोलचेही तसेच. दाब गेला की तापलेल्या नळीतच त्याची वाफ होते, मग इंजिन सुरू होणार कसे? बंद गाडीत दाब धरून ठेवायला मागे पंपाजवळ एक डबा असतो, ॲक्युम्युलेटर. आत पडदा आणि स्प्रिंग. त्याची परतीची नळी सोडली तर पेट्रोल ठिबकू लागले. पडदा फाटला होता.

डबा नवा घातला, मिक्स्चर परत जुळवले. चकतीला हातही लावावा लागला नाही.

पुढच्या आठवड्यात गृहस्थ आईला घेऊनच आले. भर दुपारी गाडी बंद करून वीस मिनिटे थांबले, मग चावी फिरवली. लगेच सुरू! म्हातारीने खिडकीतून आम्हा दोघांना खजुराची पुडी दिली.