कामगंधाचे सापळे : वऱ्हाडांतील कपाशीच्या शेतांत

समईची वात आपण रोज वळतों, परंतु कपाशीचें बोंड झाडावर पाहिलेलीं माणसें आपल्या घरांत थोडींच असतील. तें पाहावें अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. ती यंदा दिवाळीच्या आधीं यवतमाळ जिल्ह्यांत पुरी झाली. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी कापसाच्या वाहतुकीसाठींच घातलेली होती. ती आतां धावत नाहीं, म्हणून आम्ही मोटारीनें गेलों. दोहों बाजूंस काळीभोर जमीन आणि तिच्यावर नुकतींच उमलूं लागलेलीं पांढरीं बोंडें, हा देखावा पुण्यामुंबईच्या मनुष्यास नवाच.

पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच एका वस्तूनें. शेतांत जागोजाग काठ्या रोवलेल्या. प्रत्येकीस प्लॅस्टिकची पिवळी टोपी, तिच्याखालीं नरसाळें आणि नरसाळ्यास लोंबणारी लांब पिशवी. टोपीच्या आंत बोटाच्या पेराहून लहान असा रबराचा तुकडा. यास ‘कामगंध सापळा’ म्हणतात. वडीलधाऱ्यांपुढें उच्चारतांना किंचित् अडखळावें असें हें नांव खरें. पण तेथील बायकामुलेंहि तें इतक्या सहजपणें घेतात कीं आमच्या संकोचाचें आम्हांसच हसूं आलें.

गुलाबी बोंडअळीचा पतंग नखाएवढा, करड्या रंगाचा असतो. मादी रात्रीं अंगांतून एक गंध सोडते. मनुष्याच्या नाकास त्याची वार्ताहि नसते. नर मात्र आपल्या मिशांसारख्या शृंगिकांनीं तो टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेनें उडत तिच्याकडे येतो. रबराच्या तुकड्यांत हाच गंध कृत्रिम रीतीनें बनवून भरलेला असतो. बिचारा नर वधूच्या शोधांत निघतो आणि पिशवींत पडतो.

अशा गंधाचें रासायनिक स्वरूप प्रथम उलगडलें तें जर्मनींत. आडोल्फ बुटेनांट यांनीं रेशमाच्या पतंगावर सुमारें वीस वर्षें खपून, जवळजवळ 5 लाख माद्यांपासून कांहीं मिलिग्रॅमच द्रव्य मिळविलें आणि 1959 सालीं तें जाहीर केलें. बोंडअळीच्या गंधानें शास्त्रज्ञांस बरेंच झुलविलें. 1966 सालीं एक द्रव्य सांपडल्याचें जाहीर झालें. परंतु नर पतंगांनीं त्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं! खरा गंध 1973 सालीं हातीं आला. तो दोन द्रव्यांचें जवळजवळ समसमान मिश्रण निघाला.

इतका खटाटोप कशासाठीं, हें एक बोंड फोडून पाहिल्यावर आम्हांस कळलें. अळी अंड्यांतून निघाली कीं लौकरच बोंडांत शिरते, तिचें छिद्र बुजून जातें आणि ती आंत सुखानें सरकी खात बसते. बाहेरून बोंड हिरवेंगार, आंत रुई डागाळलेली. वरून फवारलेलें विष तिच्यापर्यंत पोंचणार कसें? 2002 सालीं बीटी कपाशी आली तेव्हां ही चिंता सरली असें वाटलें होतें. पण अळीनें त्या बियाण्यासहि दाद देणें सोडलें आणि 2017 च्या हंगामांत महाराष्ट्रभर तिनें धुमाकूळ घातला. त्याच हंगामांत फवारणीच्या विषबाधेनें एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पाठीवरच्या पंपाचा विषय निघाला कीं आजहि तेथील माणसें आवाज खालीं आणून बोलतात.

सापळ्याचा मोठा उपयोग म्हणूनच पतंग मारण्यापेक्षां पतंग मोजण्यांत आहे. हेक्टरीं पांच सापळे लावावे, रोज मोजदाद करावी; दर सापळ्यास आठ नर असे लागोपाठ तीन रात्री सांपडले तरच फवारणीचा विचार करावा, असा हिशेब आहे. आमचे यजमान म्हणाले, “आधी शेजाऱ्यानं फवारा मारला का आमी मारो. आता हे मोजल्याशिवाय कायले विषात पैसे घालाचे जी?” दुसरी एक युक्ति अधिक गमतीची. शेतभर तोच गंध इतका दरवळत ठेवायचा कीं नरास खरी मादी कोठें आहे हें उमजूंच नये. अमेरिकेनें 2018 सालीं ही कीड देशांतून नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. त्यांत या युक्तीचा, बीटी कपाशीचा आणि वांझ केलेले पतंग सोडण्याचा, असा तिहींचा वांटा होता.

वऱ्हाडांत घोडें अडतें तें ‘फरदडी’पाशीं. वेचणी संपल्यावर डिसेंबरांतच पऱ्हाटी उपटून टाकली तर अळी उपाशी मरते. पण पाणी देऊन झाडें ठेवलीं तर आणखी थोडा कापूस मिळतो, आणि तेवढ्यांत कर्जाचा एखादा हप्ता फिटतो. तो मोह सोडा, असें सांगणें आम्हां पगारदारांस सोपें आहे. शिवाय सापळ्यांत पडतात ते नरच. पलीकडच्या शेतांत फळलेली मादी बांध ओलांडून आली तर तिला अडविणार कोण?

सकाळीं यजमानांच्या सुनेनें पिशव्या सोडून पतंग मोजले आणि आंकडे वहींत लिहिले : तीन, दोन, चार, एक, तीन. पंप गोठ्यांतल्या खुंटीवरच राहिला. बांधापलीकडे चुलत दिरांची कपाशी होती. तिच्यांत सापळा एकहि नव्हता. “सांगतलं त्याहिले दोनदा,” ती म्हणाली, आणि पिशव्यांचीं तोंडें पुन्हा बांधूं लागली.